एकेचाळीस स्वमतांची हकिकत

श्रीगणेशास नमन. शारदेस नमन. आणि ज्या रेंजवाचून हल्ली विद्येचे पान हलत नाही तीस, गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर चढून, मोबाइल उंच धरून नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण मासी एका माळावरच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. नाव लिहिले तर वरून खुलासा मागतील, आणि खुलासा लिहिण्याचे कामही पुन्हा याच हाताकडे येईल. राज्य म्हणजे पाचवी ते दहावीचे विद्यालय. अकरा खोल्या, एक मैदान, आणि एक संगणककक्ष, त्यात अठरा यंत्रे, पैकी सात चालती आणि बाकीची शोभेची. गादीवर मुख्याध्यापिका श्रीमंत इंदुमतीबाई साळुंके विराजमान होत्या, आणि त्यांच्याही वर संस्थेचे अध्यक्ष धाकटे आबासाहेब, आणि धाकट्या आबासाहेबांच्याही वर, कचेरीच्या भिंतीला, खिळ्यावर, त्यांचे आजोबा संस्थापक थोरले आबासाहेब. लिहिणारा त्याच खिळ्याखाली टेबल टाकून एकोणीस वर्षे बसणारा कारकून. अक्षर बरे असल्याकारणे राज्यात जे जे लिहिणे निघते ते ते याच्याच गळ्यात पडते.

थोरले आबासाहेब पुरुष मोठे, आणि कानही मोठे. हे निंदेने लिहीत नाही. त्या घराण्याचे कान पिढ्यानपिढ्या डोक्यापासून फटकून उभे राहतात, जणू दोन्ही बाजूंचे एकदम ऐकून घ्यावे म्हणून. दरवाजात त्यांचा अर्धपुतळा आहे, तो घडविणाऱ्या कारागिराने कान थोडे कमी करू काय म्हणून पुसले होते, तेव्हा घरच्या मंडळींनी जैसे आहेत तैसे ठेवावे ऐसे सांगितले, आणि तेव्हापासून दर संस्थापकदिनी पुतळ्यास घातलेला हार उजव्या कानास अडकतो आणि एक मास्तर स्टुलावर चढून तो सोडवितात. पुतळ्याखाली पितळी अक्षरांत ओळ आहे, 'त्यापूर्वी येथे काहीही नव्हते.' ही ओळ सुवर्णमहोत्सवाचे समयी लिहिणारानेच रचिली, आणि तिचा त्यास फार अभिमान होता. कचेरीतला फोटो शके अठराशे त्र्याऐंशीचा, पायाभरणीचा. त्यात थोरले आबासाहेब फेटा बांधून, हाती थापी घेऊन वाकले आहेत, समोर दगड आहे, आणि मागे एक काळा डाग आहे. त्या डागास सर्व राज्य बाभूळ म्हणत असे.

आता ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांची कथा. राजश्री सोपानराव गेंगजे, नववीच्या सुभ्याचे इतिहासशिक्षक, सेवा एकतीस वर्षे जाहली, निवृत्तीस दोन राहिली. गृहस्थ मनाचे निर्मळ, आवाज खणखणीत, वर्गात लढाई लावावी तर खडूच्या तुकड्यांची फौज, डस्टरचा किल्ला आणि पट्टीचा घाट करून ऐसी लावावी की पोरांनी घंटा जाहली तरी उठू नये. त्या तासावर त्यांचा जीव होता. परंतु परीक्षेच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. पुस्तकात धड्याखाली प्रश्न येतो की स्वमत लिहा, तर गेंगजे सर ते स्वमत फळ्यावर लिहून देत. पोरे ते वहीत उतरवीत, पाठ करीत, आणि परीक्षेत 'माझ्या मते' ऐसे ठसक्यात लिहून पुढे सरांचे मत मांडीत. निकाल शंभर टक्के. यात कोणास वावगे वाटले नाही, कारण वरच्या वर्गात हेच, खालच्या वर्गात हेच, आणि शेजारच्या राज्यातही हेच होते. स्वमत म्हणजे जे फळ्यावर दुसऱ्या परिच्छेदात येते ते, ऐसी सर्वांची धारणा होती. एखाद्याने भलतेच लिहिले तर सर समजुतीने म्हणत, बाळ, तुझे स्वमत चुकले.

ऐसे सर्व यथास्थित चालले असता श्रावण शुद्ध षष्ठीस राजधानीहून फर्मान आले. मजकूर ऐसा की यंदापासून नववीस डिजिटल इतिहास सुरू करावा. प्रत्येक वर्गाने आपल्या गावचे एक जुने साधन घ्यावे, फोटो म्हणा, शिलालेख म्हणा, पत्र म्हणा, त्याची संगणकावर प्रत करावी, मोठी करून पाहावी, काय दिसते ते लिहावे, काय दिसत नाही तेही लिहावे, आणि शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने पुराव्यासह स्वमत लिहून पोर्टलावर चढवावे. गणपतीच्या सुट्टीआधी ज्या वर्गाचे काम स्वीकृत होणार नाही त्याचा इतिहासाचा तास राजधानीहून पडद्यावर दाखविला जाईल, आणि मोकळ्या जाहलेल्या शिक्षकांस गणनेच्या कामी लावावे. ही शेवटची ओळ वाचून गेंगजे सरांनी फर्मान घडी करून खिशात घातले. मागील साली उन्हाळ्यात त्यांनी तालुक्याच्या विहिरी मोजिल्या होत्या, त्याआधी शौचालये मोजिली होती, आणि एका साली भटकी कुत्री मोजताना धोतराचा सोगा कुत्र्यांच्या हवाली करून आले होते. परंतु गणनेची त्यांस भीती नव्हती. दोन वर्षे राहिली असता आपला तास पडदा घेईल आणि आपण पांढरे खडू खिशात घेऊन विहिरीत डोकावत फिरू, हे त्यांस सोसेना. ते कचेरीत येऊन बसले आणि लिहिणारास म्हणाले की बाकी काही नेले तरी चालेल, तास नेऊ नये. मग पुन्हा फर्मान वाचिले, त्यात स्वमत हा शब्द पाहिला, आणि चेहरा फुलला. ते तर आपणास येते, म्हणाले, आपण एकतीस वर्षे तेच करीत आहो.

मग मोहीम सुरू जाहली. साधन म्हणून कचेरीतला फोटो ठरला, कारण तो जवळ होता आणि उतरविण्यास फक्त स्टूल लागणार होते. लिहिणाराने त्याची संगणकावर प्रत काढिली. सरांनी वर्ग भरविला, फळा स्वच्छ पुसला, आणि एकेचाळीस विद्यार्थ्यांस स्वमत उतरवून दिले की माझ्या मते थोरल्या आबासाहेबांनी उजाड माळावर ज्ञानाचा दिवा लाविला, त्यापूर्वी येथे काहीही नव्हते, साक्षीला फक्त एकटी बाभूळ होती. पोरांनी सुवाच्य अक्षरात उतरविले, सात यंत्रांवर पाळीपाळीने टंकिले, सर टाकीवर चढून रेंज धरून बसले, आणि सर्व मते एका दमात पोर्टलावर गेली. राज्यात पेढे वाटले. श्रावण वद्य द्वादशीस पोर्टलावर तांबडी खूण उमटली आणि खाली उत्तर आले, 'विद्यार्थी एकेचाळीस, मत एक. कृपया विद्यार्थ्यांची मते पाठवावीत. मुदत सात दिवस.' वर आणखी एक टीप होती की सहा विद्यार्थ्यांच्या मतात 'मागच्या बाकावर कोण हसतंय' हे वाक्य आले आहे, त्याचा संदर्भ स्पष्ट करावा. सांगताना सर मध्येच रागावले होते, तेही त्या सहांनी श्रद्धेने उतरविले होते. इंदुमतीबाईंनी ते उत्तर दोनदा वाचिले आणि कपाळास हात लाविला.

दुसरा कोणी असता तर पोरांस म्हणता, लिहा आपापले. परंतु ती गोष्ट गेंगजे सरांच्या स्वप्नातही आली नाही. त्यांनी विचार केला की पोर्टलास एक मत चालत नाही, एकेचाळीस पाहिजेत, तर आपण एकेचाळीस तयार करू. मग शिक्षककक्षात ठाण मांडून, चहावर चहा घेऊन, दोन दिवस ते मते काढिते जाहले. पहिली दहा झरझर उतरली. अकराव्यापासून दम लागला. चौदाव्यात दगड मजबूत होता ऐसे आले. सतराव्यात त्या दिवशी ऊन होते कारण सावली पडली आहे ऐसे आले, आणि अठराव्यात ऊन असले तरी नंतर ढग आले असावेत ऐसे आले. बाविसावे फेट्याच्या बांधणीवर खर्ची पडले. लिहिणारा मधूनमधून डोकावे, तेव्हा सर फोटोकडे ऐसे पाहत बसलेले असत की जणू गाय व्यायची राहिली आहे आणि दावे धरून मालक बसला आहे. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस पुरी जाहली, आणि सरांनी ती हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे वाटून दिली, ज्याचे मत त्याच्या हाती, दुसऱ्याचे मत घेऊ नये, मतांची अदलाबदल करू नये, ऐसी ताकीद देऊन.

एकोणतीस क्रमांकावर प्रतीक्षा खरमाळे नामे मुलगी होती. बोलणे कमी, परंतु बोलली की माघार नाही. तिचा मामा लग्नांचे फोटो काढितो, आणि सुट्टीत ही त्याच्या संगणकावर बसून ज्या फोटोत नवरीचे डोळे मिटले आहेत ते निवडून बाजूस करिते. त्या कामाने तिच्या नजरेस एक खोड लागली होती, ती अशी की नवरानवरी राहिले बाजूस, त्यांच्यामागे कोण जेवतो आहे, कोण रुसला आहे, कोणी कोणाची चप्पल घातली आहे, ते तिला आधी दिसे. तिच्या वाट्यास आलेले मत ऐसे होते, 'माझ्या मते त्या वेळी बाभळीस शेंगा आल्या होत्या.' फर्मानात पुरावा मागितला होता, म्हणून ती शेंगा पाहावयास यंत्रावर बसली, आणि काळा डाग मोठा करीत गेली, आणि उजेड वाढवीत गेली, आणि मग हात वर केला.

"सर, शेंगा नाहीत," ती म्हणाली. "आणि बाभूळ पण नाही."

सरांनी विचारिले की मग काय आहे. ती म्हणाली, "भिंत आहे. भिंतीला खिडकी आहे. खिडकीत पोरं आहेत, सर."

मग सर्व वर्ग त्या एका यंत्रावर लोटला. भिंत मातीची होती, वर गवताचे छप्पर होते, आणि खिडकीत पाच पोरांची तोंडे पायाभरणी पाहण्यास दाटीवाटीने कोंबली होती, आणि त्यांच्यामागे नऊवारी नेसलेली एक बाई उभी होती, आणि तिच्या हाती पाटी होती. पाटी अगदी स्पष्ट होती, चौकट दिसत होती. म्हणजे थोरले आबासाहेब ज्या माळावर पहिला दगड बसवीत होते त्याच माळावर, त्यांच्या पाठीमागे, आधीच कोणी तरी पोरांस शिकवीत होते. गेंगजे सर चष्मा पुसून पुन्हा पाहते जाहले, आणि घंटा होईतो त्यांनी दुसरे काही केले नाही.

हे वर्तमान इंदुमतीबाईंच्या कानी गेले तेव्हा मुदतीचे तीन दिवस राहिले होते. बाई वाईट नाहीत, परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर पितळी अक्षरे आली, आणि संस्थापकदिनाची भाषणे आली, आणि अध्यक्षांचा चेहरा आला. त्यांनी सरांस बोलावून सांगितले, "एकोणतीस नंबरला दुसरं मत देऊन टाका. मतांची काय वानवा आहे का?" सर म्हणाले, "दोन दिवस बसलो होतो बाई. वानवाच आहे." बाई म्हणाल्या की चाळीसच पाठवा, तर पोर्टल चाळीस घेईना, वर्ग अपुरा म्हणून परत लावी. मुलीचे मत पाठवावे तर संस्थापकांच्या नावास धक्का, न पाठवावे तर तास पडद्याचा आणि सर विहिरीचे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते सरांच्या बाबतीत अक्षरशः खरे जाहले. शेवटी सर उठले, व्हरांड्यात गेले, तिथे प्रतीक्षा नळावर बाटली भरीत होती. पुढील संवाद लिहिणाराने खिडकीतून ऐकिला, त्याबद्दल क्षमा असावी.

"तुला दुसरं मत देतो," सर म्हणाले. "सोपं आहे. फेट्यावर लिही."

"फेट्यावर बावीस नंबरनं लिहिलंय सर."

"मग दगडावर लिही. मजबूत होता म्हण."

"सर, मी म्हणाले तर ते माझं मत नाही होणार. ते एकोणतीस नंबरचं होईल." बाटली भरून वाहू लागली तशी तिने नळ बंद केला. "तुम्हाला खिडकी दिसली ना?"

"दिसली."

"मग तुमचं मत काय आहे?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत सरांस कोणी विचारिला नव्हता. नवे नोकरीस लागले त्या पहिल्या साली त्यांनी वर्गात पुस्तकाबाहेरचे काही सांगितले होते, आणि तपासणीस आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिले होते की शिक्षकाने पुस्तकाबाहेर जाऊ नये, आणि त्या दिवसापासून गडी पुस्तकात जो शिरला तो बाहेर आलाच नव्हता. सरांस लाज वाटली, हे त्यांनी मागाहून लिहिणारास स्वमुखाने सांगितले. एका पंधरा वर्षांच्या मुलीस पाहता येते आणि आपण पाहणेच सोडून दिले, याची लाज वाटली.

"मला माहीत नाही गं," सर म्हणाले. "पण बघायला पाहिजे. तू तुझं लिही."

आणि ते तसेच कचेरीत येऊन बाईंस म्हणाले की एकोणतीस क्रमांकाचे मत बदलणार नाही, तास गेला तर गेला. त्यांचा आवाज या वेळी खणखणीत नव्हता, उलट बारीक होता, तरीही बाईंस तो जड वाटला. बाईंनी आपली बाजू राखावी म्हणून अध्यक्षांस फोन लाविला. त्यात त्यांचे चुकले ऐसे लिहिणारा म्हणत नाही, त्यांच्या जागी तो असता तर त्याने आधीच लाविला असता.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेस, मुदतीस एक दिवस राहिला असता, धाकटे आबासाहेब खासे गाडीतून उतरून संगणककक्षात दाखल जाहले. वय सेहेचाळीस, बांधा आडवा, कान घराण्याचे. एकेचाळीस पोरे उभी राहिली. साहेबांनी बसा म्हटले नाही. ते सरांस म्हणाले, "आमच्या आजोबांच्या मागं कोण उभं होतं ते बघायचं काम तुम्हाला कधीपासून दिलं?"

"षष्ठीपासून, साहेब," सर म्हणाले, आणि फर्मान पुढे केले.

साहेबांनी ते घेतले नाही. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि दाखवा म्हणाले. सरांनी प्रतीक्षेस पुढे बोलाविले. तिने फोटो लाविला, खिडकी मोठी केली, भिंत दाखविली, छप्पर दाखविले, पाटी दाखविली, आणि मग पट्टीने खिडकीतला डावीकडून दुसरा मुलगा दाखविला आणि म्हणाली, "हा मुलगा तुमच्या घरातला असावा असं माझं मत आहे. पुरावा..." आणि तिथे ती थांबली. तिने पुरावा सांगितला नाही, परंतु एकेचाळीस जोडी डोळे आधी पडद्याकडे गेले, मग साहेबांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस गेले, मग खिडकीबाहेर पुतळ्याकडे गेले, आणि परत आले. लिहिणाराने छताकडे पाहिले. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले. साहेबांनी हळूच हात वर नेऊन आपला उजवा कान चाचपला.

"अजून मोठं कर," ते म्हणाले.

तिने केले. चेहरा फुटला, ठिपके ठिपके जाहले, परंतु कान राहिले. साहेब पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "आमचे दादा आहेत." दादा म्हणजे त्यांचे वडील, त्यांस जाऊन चार वर्षे जाहली. मग साहेब कोणाकडे न पाहता सांगू लागले की दादा गेले तेव्हा आईने घरभर त्यांचा लहानपणीचा फोटो शोधिला, एकही सापडला नाही, आणि हा आमच्याच कचेरीत, आमच्याच आजोबांच्या पाठीमागे इतकी वर्षे उभा होता. आणि दादा म्हणत असत की मी चंद्राबाईंच्या गोठ्यात शिकलो, तर घरची सर्व मंडळी हसत. अभ्यासात बेताचे होते म्हणून स्वतःची थट्टा करून घेतात ऐसे आम्हास वाटे. गोठा गळू लागला, पोरगा भिजून तापाने फणफणला, म्हणून आजोबांनी इमारत बांधावयास घेतली, हेही दादा सांगत. ते कोणी ऐकिले नाही. ऐसे बोलून साहेबांनी रुमाल काढिला आणि डोळे न पुसता नाक पुसले.

मग ते प्रतीक्षेस म्हणाले, "लिही तू. फक्त कानांचं लिहू नकोस."

"साहेब, पुरावा तोच आहे," ती म्हणाली.

साहेबांचा हात पुन्हा कानाकडे गेला.

"मग नीट लिही," ते म्हणाले. "मोठे आहेत म्हण. विचित्र म्हणू नकोस."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मग जे जाहले ते लिहावयास दोन हात पाहिजेत. सरांनी फळ्याकडे पाठ केली आणि आपापली मते लिहा म्हणून आज्ञा दिली. पहिली दहा मिनिटे कोणी पेन उचलीना, सर, सुरुवात तरी सांगा ना, म्हणून विनवण्या जाहल्या, आणि मग बारा क्रमांक उठून म्हणाला की कान हा पुरावा पुरेसा नाही, शेजारच्या गावी सोनाराच्या घरातही तसेच कान आहेत, आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यावर प्रतीक्षा उलटली. तिघे तिच्या बाजूस गेले, पाच सोनाराच्या बाजूस गेले. आठ क्रमांकाने पुसले की मुळात फोटो काढणारा कोण, त्यास तर आपण विसरलोच. पस्तीस क्रमांकाच्या मुलीने लिहिले की सगळे थापीकडे पाहत आहेत, पण बाई पोरांकडे पाहत आहे, त्यावरून ती खरी मास्तरीण. चाळीस क्रमांकाने लिहिले की माझे मत अजून जाहले नाही, आणखी एक आठवडा द्यावा. वर्गात ऐसा गलबला उठला की शेजारून गणिताच्या बाई भांडण मिटवावयास धावून आल्या आणि स्वतःच सोनाराच्या पक्षास मिळाल्या. गेंगजे सर मधोमध उभे राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होते, आणि हसत होते. खडूची फौज कितीदा लढविली, परंतु खरी लढाई त्यांच्या वर्गात त्या दिवशी प्रथम जाहली.

तृतीयेस टाकीवर चढून मते रवाना केली. सरांनी काढलेली एकेचाळीस मते वाया गेली, ती त्यांनी लिहिणाराच्या हवाली केली, आणि ती दप्तरात पिवळ्या फायलीत बांधून ठेविली आहेत. सायंकाळच्या आत पोर्टलावर हिरवी खूण उमटली, 'विद्यार्थी एकेचाळीस, मते एकेचाळीस. स्वीकृत.' चाळीस क्रमांकाचे न जाहलेले मतही त्यात धरिले होते. तास राहिला. राजधानीहून आलेला पडदा खोक्यातच आहे, आणि त्या खोक्यावर आता शिपाई डबा ठेवितो.

पितळी ओळ काढावी ऐसी साहेबांची आज्ञा जाहली. अक्षरे काढिली, परंतु दगडातली भोके राहिली, आणि ऊन तिरपे पडले की ती ओळ अजून वाचिता येते. तिच्याखाली नवी ओळ बसविली, 'त्यापूर्वी येथे चंद्राबाई शिकवीत होत्या.' चंद्राबाईंचे आडनाव दादांनी कधी सांगितले नव्हते आणि गावात कोणास ठाऊक नव्हते. आडनावापुरती मोकळी जागा सोडिली होती, तेव्हा कारागिराने पुसले की अक्षरे जवळ घेऊ काय, जागा वाईट दिसते. गेंगजे सर म्हणाले, जागा सोडा, कोणास सापडेल तो पुराव्यासह भरील. सुट्टी संपून वर्ग भरला तेव्हा सरांनी सवयीने खडू उचलला आणि फळ्यावर 'स्वमत' एवढा शब्द लिहिला, आणि पुढे दोन टिंबे दिली. एकेचाळीस पेने सरसावली. सरांनी खडू खाली ठेविला, आपली एक वही काढिली, शेवटच्या बाकावर जाऊन सरका म्हणाले, आणि बसले.

सारांश इतकाच. त्या संवत्सरी राज्यात एक फळा कोरा राहिला आणि एक तास वाचला. लिहिणाराचे स्वमत कोणी पुसले नाही, तरी लिहून ठेवितो. तो त्या फोटोखाली एकोणीस वर्षे बसला, येथे काहीही नव्हते ही ओळ त्यानेच रचिली, आणि मान वर करून एकदाही नीट पाहिले नाही. याउपर ज्यास काही दिसेल त्याने मोठे करून पाहावे.